चूक माझी, आणि नाव ज्युनियरचं द्यायचं?

हिंजवडीत आयटीत आहे, सहा महिन्यांपूर्वी लीड झालो. मागच्या रिलीजला गडबड झाली, कोड ज्युनियरचा होता पण रिव्ह्यू मीच घाईत, रात्री अकराला न वाचता ओके केला होता. आता मॅनेजर म्हणतायत मेलमध्ये त्याचं नाव टाक, तुझं अप्रेझल जवळ आलंय. पोरगा नवीन आहे, अजून प्रोबेशनवर. काय करू?

कोथरूडकर: रिव्ह्यू तू केलास ना, मग आधी स्वतःचं नाव लिही. कोडमध्ये काय चुकलं ते त्याला शेजारी बसवून दाखव, पण मेलमध्ये नको.

पेठेतली: शनिवारवाड्यावरून जाताना मला दरवेळी रामशास्त्री आठवतात. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि खुद्द राघोबादादांना, म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाला, त्यांनी तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्तच, आणि पद सोडून पुण्याबाहेर गेले. आपल्याला फक्त एक मेल लिहायचाय रे.

हडपसर: आणि जोतिराव फुले बघा, 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. नुसतं भाषण नाही, स्वतःच्या दारातलं पाणी दिलं, लोकांचा रोष पत्करून. पुढारपण म्हणजे मला तरी हेच वाटतं, आधी झळ आपल्याला बसू द्यायची.

प्रश्नकर्ता: मेल पाठवला, "रिव्ह्यू माझा होता" असं स्पष्ट लिहून. मॅनेजरचं उत्तर अजून नाही. पोराला चहाला खाली घेऊन गेलो, त्याचा हात थरथरत होता.