वायरलेस चार्जिंगची वीज ‘हवेत’ जात नाही

वेटोळे: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठासून लिहिलंय, ‘वायरलेस चार्जिंगमध्ये निम्मी वीज हवेत उडून जाते, हे तंत्रच टाकाऊ.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. बारा वर्षं कॉइल (तारेची वेटोळी) गुंडाळतोय, म्हणून राहवलं नाही.

हवा वीज खात नाही. खातात ते तांब्याचा रोध, फेराइट (कॉइलमागचा चुंबकीय पदार्थ), एसी-डीसी बदलणारे इन्व्हर्टर व रेक्टिफायर आणि कॉइलला खेटून असलेला धातू. कपलिंग, म्हणजे एका कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दुसरीला किती गाठतं ते, 0.2 धरा. दोन्ही कॉइलचा क्यू (जितका जास्त, तितकी कॉइल कमी वीज वाया घालवते) 100 असेल तर कॉइल ते कॉइल जास्तीत जास्त 90 टक्के मिळतात. क्यू 300 वर न्या, 96 च्या पुढे जाल. अंतर तेवढंच. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2018 मध्ये सहा इंचांच्या फटीतून 120 किलोवॉट पाठवले, 97 टक्के कार्यक्षमतेने.

दुरुस्तीवाला: ती पोस्ट माझीच. प्रयोगशाळेचे आकडे मलाही येतात. एमआयटीने 2007 मध्ये दोन मीटरवर 60 वॉटचा दिवा लावला, पोचली 40 टक्केच! आणि मी सॉकेटला मीटर लावून मोजलंय. तोच फोन, 10 ते 80 टक्के. वायरने 13 वॉट-अवर, पॅडवर 18, बोटभर सरकवून ठेवला तर 23. वर फोन तव्यासारखा तापला.

वेटोळे: एमआयटीची कॉइल 60 सेंटीमीटर व्यासाची होती, अंतर त्याच्या तिपटीहून जास्त. तरी 40 टक्के पोचली, कारण क्यू हजाराच्या आसपास होता. तुमचा 23 चा आकडा खरा असेल, पण तो सरकल्याचा दोष आहे. वायरलेस चार्जिंगच्या 2023 च्या ‘ची-2’ (Qi2) मानकात लोहचुंबक त्यासाठीच घातलेत.

खरं दुखणं वेगळंय. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या दर दुसऱ्या पोराचा प्रोजेक्ट ‘वायरलेस मोबाइल चार्जर’. क्यू किती होता विचारलं की गप्प. लॅमिंग्टन रोडवरून तयार किट आणायचं, एलईडी पेटवून दाखवायची, मार्क घ्यायचे. मास्तर करतात काय?

शिकवणारी: मास्तर काय करतात ते ऐका. साठ मुलं, कॉइल मोजायचा एकच एलसीआर मीटर, तोही कपाटात कुलूप लावून. हरवला तर माझ्या पगारातून भरायचा. लिट्झ वायर (इनॅमलचं आवरण असलेल्या बारीक तारांचा पीळ) मागितली तर ‘साधी तांब्याची घ्या’ असा शेरा येतो. आणि तुमच्यासारखे लोक कॉलेजात एकदा तरी फिरकलेत का? मुलाखतीत पोरांना गप्प करणं सोपं असतं.

पदविका2009: मॅडम, मीटर नव्हता हे ठीक. पण आमच्या सरांनी ‘किट विकत आण, वेळ घालवू नकोस’ असं तोंडावर सांगितलं होतं. मला स्वतः गुंडाळायचं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

शिकवणारी: एका माणसावरून सगळ्यांना झोडू नका.

वेटोळे: फिरकलो नाही, हे कबूल. पण मीटरपेक्षा नजर महत्त्वाची. माझी पहिली लिट्झ कॉइल क्यू 60 दाखवत होती. दोन दिवस फेराइटला दोष दिला. मग सोल्डर केलेलं टोक कापून भिंगाखाली धरलं. बाहेरच्या तारा रुपेरी, आतल्या बऱ्याच तशाच लालसर. इनॅमल जळालंच नव्हतं, त्या तारा जोडलेल्याच नव्हत्या. टोक तापलेल्या कथिलात नीट बुडवलं, धूर निघून जाऊ दिला. क्यू 210. कॉइल तीच, वेढे तेवढेच. हे पोरांना दाखवायला भिंग पुरतं.

शिकवणारी: मग येऊन दाखवा. नुसतं लिहू नका.

वेटोळे: येतो. मीटरही आणतो.

दुरुस्तीवाला: तुमचं कॉलेज चालू द्या, मी चुंबकवाला पॅड उसना आणून पुन्हा मोजलं. तोच फोन, 10 ते 80. 16 वॉट-अवर. वायरपेक्षा जास्तच, हे माझं म्हणणं कायम. ‘निम्मी’ मात्र मागे घेतो.