कॅटलिना २२ वर पुढच्या शिडासाठी रोलर रीफिंग (शीड गुंडाळून लहान करण्याची यंत्रणा) बसवावे का?

शीडवेडा (अटलांटा)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८० च्या दशकातली, कील (तळाखालचे जड पाते) वर ओढून घेता येणारी कॅटलिना २२ ही शिडाची छोटी बोट आहे. ती एरवी घराच्या आवारात ट्रेलरवर असते. सुटीच्या दिवशी लेक लॅनियर या जवळच्या तलावावर नेऊन डोलकाठी उभी करायची, बोट पाण्यात सोडायची आणि संध्याकाळी सगळे उलट क्रमाने करायचे, असा आमचा शिरस्ता आहे. पुढचे शीड १३५ टक्क्यांचे जेनोआ, म्हणजे फोरस्टे ते डोलकाठी या अंतराहून मोठे, मागे डोलकाठीपलीकडे जाणारे शीड असून ते फोरस्टेवर (बोटीच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारेवर) हँकने, म्हणजे छोट्या आकड्यांनी, अडकवावे लागते. उन्हाळ्यात इथे दुपारनंतर ढग दाटून येतात आणि बघता बघता वारा दुप्पट होतो. अशा वेळी सौभाग्यवतींच्या हाती सुकाणू देऊन मी नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) गुडघे टेकून फडफडणारे शीड आवरायचे, हे आता नकोसे झाले आहे.

शीड गुंडाळणारी दोन प्रकारची यंत्रणा पाहण्यात आली. एकात खाली दोरी गुंडाळायचा ड्रम, वर स्विव्हल (फिरता सांधा) आणि शिडाच्या कडेत शिवलेली तार एवढेच असते. ती स्वस्त आहे. दुसरीत फोरस्टेवर वरपासून खालपर्यंत फॉइल, म्हणजे शीड अडकवायची खाच असलेली पोकळ पट्टी, चढवतात. किमतीतला फरक सार्थ आहे का, आणि दर खेपेला डोलकाठी चढवता-उतरवताना फॉइल आडवे येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्यासारंग

आपली अडचण शीड कमी करण्याची आहे, नुसते गुंडाळून ठेवण्याची नाही. त्यामुळे पहिला प्रकार आपल्या कामाचा नाही. तारेच्या कडेचे शीड पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, अशा दोनच अवस्थांत वापरायचे असते. ते अर्धवट गुंडाळले तर ड्रमचा पीळ तारेतून वरपर्यंत नीट पोहोचत नाही, खालचा भाग घट्ट तर वरचा सैल राहतो, आणि नेमका जोराच्या वाऱ्यात शिडाला पोटासारखा फुगा येतो. फॉइलमध्ये हा पीळ सबंध लांबीला मिळत असल्याने शीड वरखाली सारखे गुंडाळले जाते.

तरीही फॉइल बसवले म्हणजे एकाच शिडावर कुठल्याही वाऱ्यात भागेल असे नाही. १३५ टक्क्यांचे शीड साधारण १०० टक्क्यांपर्यंत कमी केले तरी आकार बरा राहतो. त्यापुढे ते ढगळ होते आणि बोट वाऱ्याच्या दिशेने चढण्याऐवजी नुसती कलंडते. शिडवाल्याकडून पुढच्या कडेला फोमची पट्टी शिवून घेतल्यास गुंडाळताना मधला फुगवटा बराचसा खाल्ला जातो. शीड कमी केले की शीटचा (शीड ओढून धरणाऱ्या दोरीचा) ब्लॉकही, म्हणजे कप्पीही, पुढे सरकवावी लागते, नाहीतर वरची कड उघडी पडून फडफडते. ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि दोष मात्र यंत्रणेला दिला जातो.

शिडावरचे हँक काढून तिथे फॉइलच्या खाचेत बसणारी टेप शिवावी लागेल. ड्रममुळे शिडाचे खालचे टोक वर सरकते, म्हणून पुढची कड थोडी आखूडही करावी लागेल. जेनोआ जुने असेल तर हा खर्च त्यावर न करता ११० टक्क्यांचे नवे शीड शिवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रेलरवाला काका

वरील उत्तराशी मी सहमत आहे. डोलकाठीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र फॉइल कशाचे आहे यावर अवलंबून आहे. अॅल्युमिनियमचे फॉइल एकदा वाकले की कामातून गेले. डोलकाठी आडवी करताना त्याच्या मध्याला आधार मिळाला नाही तर ते वाकायला क्षणही लागत नाही. सीडीआय या कंपनीच्या एफएफ२ सारख्या यंत्रणेत फॉइल लवचिक पीव्हीसीचे असते, ते मोठ्या कमानीत वाकले तरी बिघडत नाही. म्हणूनच कॅटलिना २२ वर ती इतकी दिसते. नवे फॉइल वेटोळे करून येते. ते जोडण्याआधी कडक उन्हात सरळ पसरून ठेवावे, म्हणजे त्याची मोड जाते. गार असताना त्यातून तार ओवायला गेलात तर घाम फुटेल.

या यंत्रणेत शीड चढवण्याची दोरी, म्हणजे हॅलियार्ड, फॉइलच्या आतच असते. त्यामुळे बोटीची मूळ जिब (पुढच्या शिडाची) हॅलियार्ड मोकळी राहते आणि डोलकाठी उभी करताना तीच नाळेला बांधून तात्पुरता फोरस्टे म्हणून वापरता येते. ड्रमचे ओझे हातात धरून पिनेचे भोक जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे आहे. ड्रमखाली दोन्ही दिशांना हलणारा टॉगल (जोड) मात्र हवाच, नाहीतर डोलकाठी वर येताना सगळा ताण फोरस्टेच्या टोकावर येऊन फिटिंग वाकते किंवा तुटते. तार जुनी असेल तर याच वेळी बदलून टाकावी, कारण एकदा ती फॉइलच्या आत गेली की तुटलेला तंतू डोळ्यांना दिसत नाही.

हँकनिष्ठ

थोडा वेगळा सूर लावतो. बोट धक्क्याला कायम उभी असती तर मीही फॉइलच सुचवले असते. दर खेपेला ट्रेलरवरून ने-आण करणाऱ्याने आधी साधा डाउनहॉल (शीड खाली ओढणारी दोरी) लावून पाहावा. शिडाच्या वरच्या टोकाला पातळ दोरी बांधायची, ती हँकमधून खाली आणून नाळेवरच्या छोट्या ब्लॉकमधून कॉकपिटपर्यंत (सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेपर्यंत) न्यायची. हॅलियार्डही कॉकपिटमध्ये आणली असेल, तर ती सोडून ही दोरी ओढली की शीड डेकवर येते आणि नाळेवर जावे लागत नाही. शीड कमी करण्याची सोय यात नाही हे खरे. पण आपल्या वर्णनातल्या वाऱ्यात पुढचे शीड पूर्ण उतरवून धक्का गाठणे हाच शहाणपणा असतो.

शीडवेडा (अटलांटा)

सर्वांचे आभार. डाउनहॉल या हंगामात लगेच लावतो. मात्र वारा वाढल्यावर परत फिरण्याऐवजी थोडे शीड कमी करून पुढे जाता यावे अशी इच्छा असल्याने, हिवाळ्यात लवचिक फॉइल आणि ११० टक्क्यांचे शीड घ्यावे असे ठरत आहे. ड्रमची दोरी कशी न्यावी, तेवढे सांगावे.

दर्यासारंग

दोरी ड्रममध्ये फोरस्टेला काटकोनात आणि ड्रमच्या उंचीच्या मध्यावर शिरली पाहिजे. पहिला ब्लॉक त्या हिशेबाने लावावा, नाहीतर वेढे एका बाजूला चढून अडकतात. शिडाची ऊन रोखणारी पट्टी ज्या बाजूला शिवली असेल, ती गुंडाळल्यावर बाहेर येईल अशाच दिशेने दोरीचे वेढे द्यावेत. शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक असू द्यावेत, कारण जोराच्या वाऱ्यात गुंडाळी अधिक घट्ट बसते आणि जास्त फेरे लागतात. गुंडाळताना शीट अगदीच सैल सोडू नये, हलका ताण ठेवावा. दोरी अडली तर ती विंचवर (दोरी जोराने ओढायच्या चक्रावर) घालून ओढू नये. आधी ड्रममधले वेढे तपासावेत, मग वर पाहावे.

ट्रेलरवाला काका

फोरस्टे नीट ताणलेला असावा, एवढे त्यात जोडतो. सैल तारेवर कुठलीच यंत्रणा हलकी फिरत नाही. तसेच रस्त्यावर निघताना गुंडाळलेले शीड फॉइलवर ठेवू नये. ते काढून पिशवीत घालावे आणि फॉइल डोलकाठीला ठिकठिकाणी बांधावे. फोरस्टे तिरका उतरत असल्याने तो डोलकाठीपेक्षा थोडा लांब असतो, त्यामुळे आडव्या डोलकाठीच्या बुंध्यापलीकडे ड्रम बाहेर येतो. तो लोंबकळत राहू नये म्हणून त्याला स्वतंत्र बांधावे.