अनुभव: परदेशातल्या कत्तलींबद्दल तुम्ही कधी नेत्यांना फोन, पत्र, काही केलंय?

पारिजात_एनजे: ऑक्टोबरात (२०२५) सुदानच्या दारफूर भागातलं अल फाशर शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडल्याचं वाचलं आणि ड्रॉवरमधला हिरवा रबरी पट्टा शोधून काढला. 'सेव्ह दारफूर'. ३० एप्रिल २००६ ला आम्ही दोन गाड्या काढून वॉशिंग्टनच्या सभेला गेलो होतो. फलक गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचा. वाटेत कुणीतरी त्यावर बसलं, तर एका तुकड्यावर 'दार', दुसऱ्यावर 'फूर'. दोघींनी तसेच धरले. नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल बोलले, नट जॉर्ज क्लूनी बोलला, आणि ओबामा नावाचा एक नवा सिनेटर. त्याच्या भाषणात आम्ही दशम्या सोडल्या होत्या. 😄

त्याआधी बुशना पोस्टकार्डं पाठवून झाली होती. काँग्रेसमनच्या ऑफिसात फोन करायचा म्हणून चार वाक्यं कागदावर उतरवून घेतली, हात थरथरत होता. पलीकडचा पोरगा म्हणाला, "झिप कोड?" सांगितला. "कळवतो." झालं! वाक्यं कागदावरच राहिली.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेलनी २००४ मध्येच दारफूरमधल्या कत्तलींना वंशसंहार म्हटलं होतं, २००९ ला सुदानचे अध्यक्ष बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं (आयसीसी) वॉरंट निघालं. आणि आता त्या जंजावीदांतूनच (तेव्हा कत्तली करणाऱ्या सशस्त्र टोळ्या) उभी राहिलेली आरएसएफ, तेच दारफूर. तुमचेही अनुभव लिहा.

मुळ्येकाका: १९७१, पूर्व पाकिस्तानातल्या (आताचा बांगलादेश) कत्तली. तेव्हा पाकिटावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, 'शरणार्थी सहायता'. आमचे वडील कुरकुरत लावायचे. जयप्रकाशजी देशोदेशी फिरून पुढाऱ्यांना विनवत होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ढिम्म.

खमंग: दशम्या दुधातल्या की गुळाच्या?

लंडनची_सून: २०१७, म्यानमारचे रोहिंग्या. सात लाखांवर माणसं पळून बांगलादेशात आली तेव्हा एमपीला पत्र लिहिलं. दीड महिन्याने दोन पानी उत्तर. आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आणि मी 'मिस्टर'. नवरा अजून मिस्टर म्हणून हाक मारतो.

बाल्टिमोरकर: काका, त्याच ७१ च्या जुलैत आमच्या बंदरात 'पद्मा' या पाकिस्तानी जहाजापुढे लोकांनी चक्क छोट्या होड्या आडव्या घातल्या होत्या. शस्त्रं जाऊ नयेत म्हणून. अटकही झाली. इथे आल्यावर एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून ऐकलं, मला वाटलं फेकतोय.

मुळ्येकाका: वा! हे माहीत नव्हतं.

टवाळ७७: फोन करून कत्तली थांबत असत्या तर… असो. आमच्या नगरसेवकाला गटाराबद्दल ११ फोन झालेत.

स्नेहल_प: टवाळ, 😂 पण माझा दीर सुदानात यूएनच्या भारतीय तुकडीत होता, मलाकालला. म्हणजे दारफूर नाही, दक्षिणेकडे, आताच्या दक्षिण सुदानात. तो त्याबद्दल काही बोलत नाही. जेवताना टीव्हीवर सुदान आलं की पाणी आणायला उठतो. (कुकर झाला, नंतर लिहिते.)

खमंग: दशम्या??

पारिजात_एनजे: अगं दुधातल्याच, ज्वारीच्या. स्नेहल, दिराला नमस्कार सांग.
टवाळ, गेल्या आठवड्यात परत फोन केला मी. आता पोरगाही नाही, मशीन. मेलबॉक्स भरलाय म्हणे. सोमवारी सकाळी नऊला लावून बघते.

खमंग: दूध गरम घालायचं की गार?