शब्दचर्चा: टुंड्रातील नदीप्रवासाचे मराठी शब्द

प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने अलास्कातील हुलाहुला नदीवरून केलेल्या राफ्टिंगचे प्रवासवर्णन एका दिवाळी अंकासाठी माझ्याकडे संपादनाला आले आहे. ही नदी ब्रुक्स पर्वतरांगेत उगम पावते, आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या संरक्षित प्रदेशातून उत्तरेकडे वाहते आणि काक्टोविक या इनुपियाक लोकांच्या गावाजवळ ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. लेखकांनी मथळ्यात ‘मार्गदर्शित अरण्य तराफा सहल’ असे शब्द योजले आहेत. त्यांतील प्रत्येक शब्द कोशात सापडतो. तरीही चारही एकत्र वाचले की ओंडक्यांवर बसून घनदाट झाडीतून चाललेली शाळेची सहल डोळ्यांपुढे येते, आणि प्रत्यक्षात त्या वाटेवर झाड म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही. मजकुरात पुढे ‘एडी’ या शब्दासाठी सर्वत्र ‘भोवरा’ वापरला आहे, तोही मला खटकतो. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘अरण्य’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण मथळ्यातील सर्वांत अवघड शब्द तोच आहे.

मूळ संस्कृतात अरण्य म्हणजे झाडी नव्हे. ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा. त्यावरून वस्तीच्या पलीकडचा, आपला नसलेला जो प्रदेश, तो अरण्य. ‘ग्राम’ आणि ‘अरण्य’ ही जुनी जोडी याच अर्थाची आहे. या मूळ अर्थाने टुंड्राला अरण्य म्हणण्यात काहीच चूक नाही. पण आजचा मराठी वाचक त्या शब्दात झाडे पाहतो आणि ‘निबिड’, ‘घनदाट’ ही विशेषणे मनातल्या मनात स्वतःच जोडून घेतो. अरण्यातूनच आलेला ‘रान’ हा शब्द घ्यावा, तर त्याची अडचण वेगळी आहे. कोकणात रान म्हणजे झाडी, तर देशावर ‘मालक रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेले आहेत. सोलापूरच्या वाचकाला ‘अलास्काचे रान’ वाचून ज्वारीचे रान आठवले तर दोष त्याचा नाही.

‘निर्मनुष्य’ हा शब्द मोहात पाडतो, पण तो इथे लावू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नदीच्या मुखाजवळ इनुपियाक लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, आणि पर्वतरांगेच्या दक्षिणेकडील ग्विचिन लोकांचे जीवन पोर्क्युपाइन नावाच्या कॅरिबूंच्या (उत्तर अमेरिकेतील रेनडियरच्या) कळपाशी बांधलेले आहे. हा कळप मे-जूनमध्ये किनाऱ्यालगतच्या मैदानात विण्यासाठी येतो. ग्विचिन लोक त्या मैदानाला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ ‘जिथे जीवन सुरू होते ती पवित्र जागा’ असा आहे. अशा भूमीला निर्मनुष्य म्हटले, तर त्या लोकांना आपण एका विशेषणाने नकाशावरून पुसून टाकतो.

ज्या इंग्रजी शब्दासाठी इथे ‘अरण्य’ योजला आहे, तो ‘वाइल्डरनेस’ अमेरिकेत कायद्याचाही शब्द आहे, हेही लक्षात घ्यावे. १९६४च्या कायद्यानुसार, जिथे माणूस केवळ पाहुणा म्हणून येतो आणि मुक्कामाला राहत नाही, अशा भूमीला हा दर्जा मिळतो. हुलाहुलाच्या बाबतीत गंमतीदार नव्हे, तर महत्त्वाची गोष्ट अशी की १९६० साली राखीव केलेल्या या प्रदेशाच्या बहुतेक भागाला १९८० साली हा दर्जा मिळाला, परंतु किनाऱ्यालगतच्या सुमारे १५ लाख एकरांना त्यातून वगळण्यात आले, कारण त्या जमिनीखाली तेल असण्याची शक्यता होती. नदी मात्र एकच आहे. डोंगरांतून वाहताना ती कायद्याच्या अर्थाने वाइल्डरनेसमध्ये असते आणि मैदानात उतरली की नसते, जरी होडीतल्या माणसाला दोन्हीकडे तितकाच एकांत जाणवला तरी. म्हणून जिथे कायद्याचा दर्जा अभिप्रेत आहे तिथे ‘वाइल्डरनेस’ हाच शब्द देवनागरीत ठेवून एकदा त्याचा अर्थ सांगावा. जिथे केवळ त्या जागेचे दूरपण आणि रांगडेपण सांगायचे आहे तिथे ‘आडरान’ हा शब्द चांगले काम करेल. त्यात झाडी असलीच पाहिजे असे नाही, वस्ती अजिबात नाही असाही दावा नाही. मदत मागायला जवळ कोणी नाही, हे मात्र त्यात पुरेपूर आहे.

‘रेफ्यूज’साठी ‘अभयारण्य’ चालेल का, असा प्रश्न पुढे येईलच. माझ्या मते चालेल. नान्नजचे माळढोक अभयारण्य हा गवताळ माळच आहे, आणि तरीही कोणाला ते नाव खटकत नाही, कारण प्रशासनाच्या भाषेत ‘अभयारण्य’ या शब्दाने झाडांशी असलेला संबंध केव्हाच सोडला आहे.

प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे. मी उरलेल्या तीन शब्दांविषयी लिहिते.

‘तराफा’ म्हणजे ओंडके, बांबू किंवा पिंपे एकमेकांना बांधून केलेला सपाट तरंगता मंच. हुलाहुलावर जी वापरतात ती हवा भरलेली, जाड कडांची, मधोमध वल्ह्यांसाठी चौकट बसवलेली रबरी होडी असते. तिचे शब्दचित्र मराठी वाचकापाशी तयार आहे, कारण सांगली-कोल्हापूरच्या महापुराच्या बातम्यांत त्याने ‘रबरी बोट’ अनेकदा वाचली आहे. क्रीडाप्रकार म्हणून बोलायचे, तर कोलाडला कुंडलिका नदीवर किंवा गोव्यात म्हादईवर जाणारा मराठी माणूस ‘राफ्टिंग’च म्हणतो. या शब्दाला प्रतिशब्द घडवण्याची निकड मला दिसत नाही. वस्तूला ‘रबरी होडी’ म्हणावे आणि खेळाला ‘राफ्टिंग’.

‘सहल’ हा शब्द अरबीतून आला आणि मूळ अर्थ ‘सोपे’ असा आहे. जुन्या मराठीत तो विशेषण म्हणून त्याच अर्थाने येतो. जिथे पाण्याचे तापमान गोठणबिंदूपेक्षा फारसे वर नसते, जिथे अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख चढवूनच होडीत बसावे लागते, तिथल्या प्रवासाला सहल म्हणणे मला पटत नाही. ‘मोहीम’ हा शब्द दुसऱ्या टोकाचा आहे. सह्याद्रीतील गिर्यारोहक तो योग्य अर्थाने वापरतात, पण त्यात आपण स्वतः आखलेली, जोखीम स्वतः उचललेली कामगिरी अभिप्रेत असते. इथे परवानाधारक संस्था होड्या, तंबू, अन्न आणि जाणती माणसे पुरवते, आणि पाहुणे वल्ही मारतात. त्यामुळे मी ‘नदीप्रवास’ हा साधा शब्द सुचवेन.

‘मार्गदर्शित’ तर काढूनच टाकावा. मराठीत ‘मार्गदर्शक’ म्हटले की आज प्रबंधाचा मार्गदर्शक किंवा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक आठवते. आडवाटेला बरोबर घेतलेल्या माहीतगार माणसाला आपल्याकडे ‘वाटाड्या’ म्हणतात. ‘वाटाड्यांसह टुंड्रातील नदीप्रवास’ असा मथळा केला, तर सांगण्यासारखे सगळे त्यात येते. वाटाड्याला नदीवर वाट कुठली, अशी शंका कोणी काढेल. पण बर्फाच्या आणि दगडगोट्यांच्या पट्ट्यांमधून अनेक फाटे फुटलेल्या नदीत कोणत्या फाट्याला होडी तरंगण्याइतके पाणी आहे, हे दुरून ओळखणे हेच तिथल्या वाटाड्याचे मुख्य काम असते. चुकीचा फाटा धरला की होडी गोट्यांवर टेकते आणि सर्वांना गार पाण्यात उतरून ती ओढावी लागते.

लेखात ‘लाइफ जॅकेट’चा उल्लेख असणार. तो तसाच ठेवावा, परंतु आपल्या भाषेत या वस्तूची स्मृती किती जुनी आहे हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ज्ञानेश्वरीच्या १२व्या अध्यायात भक्तांना भवसागरातून तारून नेण्याचे रूपक आहे. तिथे कोणाला नावेत घेतले आहे, कोणाला ध्यानाच्या कासेला लावले आहे, आणि एकाच्या पोटाला ‘प्रेमाची पेटी’ बांधली आहे. ही पेटी म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या पोटाशी बांधायचे तरंगते साधन. ‘कासेला लागणे’ हा वाक्प्रचारही पट्टीच्या पोहणाऱ्याची कास धरून पार होण्यातूनच आला आहे.

प्रतिसाद

कोलाडला होडी चालवणाऱ्यांबरोबर माझे नेहमीचे काम असते, म्हणून ‘भोवऱ्या’विषयी लिहितो. ‘एडी’ला भोवरा म्हणणे ही केवळ शैलीची चूक नाही, त्यात अर्थ उलटा होतो.

प्रवाहात मोठा दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वेगाने पुढे जाते, आणि दगडाच्या पाठीमागे, खालच्या अंगाला, थोडे पाणी उलट दिशेने दगडाकडे परत येते. त्या जागी होडी शिरली की ती थांबते. वाटाडे मुद्दाम तिथे होडी घालतात, मागच्या होड्यांची वाट पाहतात, पुढचा खळाळ नजरेखाली घालतात. म्हणजे एडी ही बहुतेक वेळा विसाव्याची जागा असते. मराठीतला भोवरा मात्र माणसाला आत ओढून बुडवणारा आहे. ‘वाटाड्याने ओरडून सांगितले, भोवऱ्यात चला’ हे वाक्य वाचून वाचक चक्रावेल. इथे ‘दगडाआडचे उलटे पाणी’ असे लिहावे. दुसऱ्यांदा उल्लेख येईल तेव्हा नुसते ‘उलटे पाणी’ पुरेल.

‘रॅपिड’साठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘द्रुतवाह’ आहे आणि तो नेमका आहे. कथनाच्या ओघात तो जड वाटला तर ‘खळाळ’ वापरावा, पण एकाच लेखात दोन्ही शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आहेत असा समज होऊ देऊ नये.

‘उतार’ हा शब्द जपून वापरावा. नदीच्या संदर्भात मराठीत उताराचे दोन अर्थ आहेत: पात्राचा कल, आणि पायी पार होता येईल अशी उथळ जागा. ‘नदीला उतार आहे’ असे आपल्याकडचा खेडूत म्हणतो तेव्हा पलीकडे जाता येईल असे तो सांगत असतो. लेखकांनी ‘हुलाहुला नदीला भरपूर उतार आहे’ असे लिहिले असेल, तर त्यांना तिचा वेग सांगायचा आहे आणि वाचक मात्र ती उथळ आहे असे समजेल. ‘पात्राचा उतार तीव्र आहे’ असे लिहिल्याने शंका राहणार नाही.

डावा आणि उजवा काठ यांबाबत मात्र काहीच अडचण नाही. राफ्टिंगमध्ये पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून बाजू ठरवतात. धरणांच्या कालव्यांना आपण हाच नियम लावतो. नीरा डावा कालवा आणि नीरा उजवा कालवा ही नावे त्याच रीतीने पडली आहेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मथळा ‘वाटाड्यांसह टुंड्रातील नदीप्रवास’ असाच करण्याचे लेखकांना सुचवतो. आता दोन शंका उरल्या आहेत. काठावरून चालण्याच्या वर्णनात त्यांनी जमिनीला ‘दलदल’ म्हटले आहे आणि गवताच्या उंचवट्यांना ‘टेकड्या’. तसेच ‘ऑफाइस’ या शब्दासाठी ‘हिमनदी’ लिहिले आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

जमिनीचा प्रश्न आधी घेतो. ‘टुंड्रा’ हा शब्द सामी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे जगभर गेला. त्याचा रोख वृक्षहीन उंच भूमीकडे होता. आज त्यात सपाट किनारपट्टीही येते. तिथे वर्षभरात पडणारे पाऊस-हिम इतके थोडे असते की आपल्याकडे तशा भागाला दुष्काळी म्हणावे लागेल. तरीही उन्हाळ्यात पाय ठेवाल तिथे पाणी वर येते, कारण काही फुटांखाली जमीन कायमची गोठलेली असते आणि वरच्या थरात वितळलेले पाणी खाली मुरत नाही. निचरा न झाल्यामुळे पाणी धरून बसणाऱ्या जमिनीला मराठी शेतकरी ‘चिबड’ म्हणतो. इथे तो शब्द ‘दलदली’पेक्षा अचूक आहे, कारण दलदलीत माणूस रुततो आणि चिबड जमिनीत पाय भिजतो, लचकतो, दमतो, पण खाली कठीण थर लागतो.

गवताच्या उंचवट्यांना ‘टेकड्या’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कापूसगवताचे गुडघ्याच्या आसपास उंचीचे, डोक्याकडे जड आणि बुडाशी अरुंद असे हे ‘ठोंब’ आहेत. ठोंबावर पाय दिला की तो कलतो, आणि दोन ठोंबांच्या मधे दिला की पाण्यात जातो. हातभर अंतर चालण्यासाठी नजर सतत खाली ठेवावी लागते, म्हणून अनुभवी वाटाडे मुक्कामासाठी काठावरचे कोरडे गोट्यांचे पट्टे निवडतात. लहान विमानेही त्यांना याच पट्ट्यांवर उतरवतात. या पट्ट्यांना ‘वाळवंट’ म्हणण्याचा विचार माझ्या मनात आला होता, कारण पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे नदीपात्रातील वाळूच होय. पण अंकाचा सर्वसाधारण वाचक उत्तर ध्रुवाजवळ सहारा शोधू लागेल, म्हणून ‘गोट्यांचा पट्टा’ हेच बरे.

‘ऑफाइस’ हा जर्मन शब्द आहे आणि त्याला ‘हिमनदी’ म्हणणे पूर्णपणे चुकीचे आहे. हिमनदी डोंगरावर साठत गेलेल्या हिमाच्या दाबाने घडते आणि स्वतःच्या भाराने सरकते. ऑफाइस नदीच्या पात्रातच तयार होते: कडक थंडीत वरचे पाणी गोठते, खालून झिरपणारे पाणी फटींतून त्या बर्फावर येते, तेही गोठते, आणि हिवाळाभर असे थरावर थर चढून काही मीटर जाडीची, मैलोगणती पसरलेली लादी तयार होते. उन्हाळ्यात नदी तिच्यातून आपली वाट कापून काढते आणि दोन्ही बाजूंना निळसर उभ्या भिंती उरतात. कधी पाणी भिंतींमधून न जाता बर्फाच्या खालीच शिरते, आणि होडी त्या बोगद्यात ओढली जाणे हा या नद्यांवरचा सर्वांत मोठा धोका मानला जातो. म्हणून वाटाडे अशा जागेआधी होड्या काठाला लावून पायी पुढे जातात आणि वाट मोकळी असल्याची खात्री करून घेतात. मी ‘थरांचे नदीबर्फ’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखात ही घडण एका वाक्यात सांगेन. हुलाहुलाच्या उगमाकडे खऱ्या हिमनद्याही आहेत आणि लेखात त्यांचा उल्लेख येणारच, त्यामुळे हे दोन शब्द वेगळे ठेवणे इथे विशेष आवश्यक आहे. त्याच न्यायाने ‘हिम’ आणि ‘बर्फ’ यांतही फरक राखावा: आकाशातून भुरभुरते ते हिम, पाणी गोठून होतो तो बर्फ.