पहिली शॉर्टफिल्म: शूटच्या आधी काय कळायला हवं होतं?

अर्धीकच्ची_पटकथा:
दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पहिली स्टुडंट फिल्म. पटकथा १४ पानं, शूटचे दिवस २, लोकेशन्स ४, माणसं आम्ही सहा. लेन्सवरून रोज भांडणं चाललीयेत. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, मार कुठे खाल्लात? 'मनापासून करा' वगैरे नको.

टेक_सतरा:
लेन्सचं सोडा. माझी नऊ मिनिटांची फिल्म पंख्याने पाडली.

बाप-लेकीचं भांडण, एकच खोली. उकडत होतं म्हणून दोन टेकच्या मध्ये पंखा लावायचो, टेकला बंद. पाच-सहा टेकना बंद करायचा राहिला. हेडफोन कोणाच्याच कानाला नव्हते, कारण साउंडवाला मुलगाच क्लॅप देत होता आणि दाराशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवतही होता. एडिटला बसलो तर बापाच्या वाक्यामागे घरघर, मुलीच्या वाक्यामागे शांतता. दर कटला पंखा चालू, बंद, चालू. हे सांधायला नुसत्या खोलीचा आवाज लागतो, म्हणजे रूमटोन. तो आम्ही घेतलाच नव्हता. म्हटलं, 'अ‍ॅक्शन'च्या आधीचे क्षण वेचू. तेही नाहीत! कॅमेरा रोल झाला रे झाला की मी ओरडायचो, आणि शेवटचा शब्द हवेत असतानाच 'कट'.

सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करा आणि ३० सेकंद, जमलं तर मिनिटभर, नुसतं रेकॉर्ड करा. माणसं बाहेर काढू नका, रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा येतो.

दुसरं दुखणं त्याहून मोठं. मी फक्त बोलणाऱ्याला शूट केलं. ज्याचं वाक्य संपलं त्याच्यावरून कॅमेरा हटला, त्यामुळे अख्खं भांडण टेबलटेनिस झालं. तालमीत बाप ऐकता ऐकता चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवायचा. सीन तिथे होता. माझ्याकडे तो शॉटच नाही. दोघांचेही क्लोजअप सीनच्या पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत घ्या, त्यात तो एक शब्दही बोलत नसला तरी.

आणि १४ पानं दोन दिवसांत? पटकथेच्या पानाला पडद्यावर साधारण मिनिट धरतात. आम्ही दिवसाला चार पानांतच धापा टाकत होतो. लोकेशन्स निम्मी करा, सामान हलवण्यात दिवस जातो.

बूम_धरणारी:
मी साउंड करते, वरचं वाचून पोटात कालवलं. ऑटो लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरने आवाज आपोआप कमी-जास्त करणं, बंद ठेवा. कोणी बोलत नसलं की ते खोलीची घरघर वर ओढतं. संवादाचे चढ रेकॉर्डरच्या मीटरवर मायनस १२ डीबीच्या आसपास राहू द्या. बूम (काठीवरचा माइक) फ्रेममध्ये दिसेपर्यंत खाली आणा, मग वीतभर वर. आवाज नको म्हणून फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा. परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. (एकदा विसरलो होतो. वास अजून आठवतो.)

अर्धीकच्ची_पटकथा:
दोन लोकेशन्स कापली. पण गच्चीवरचा सूर्यास्ताचा सीन तीन पानांचा आहे, तो सोडवत नाही.

टेक_सतरा:
तीन पानांसाठी सूर्य थांबत नाही. क्लोजअप आधी सावलीत, मागे भिंत धरून उरका. सूर्यासाठी फक्त वाइड, म्हणजे लांबून सगळं दिसणारा शॉट, ठेवा, त्याची तालीम दुपारीच करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग, ऑटोवर नको, एकाच टेकमध्ये चेहऱ्याचा रंग बदलत जातो.

अर्धीकच्ची_पटकथा:
बरं. त्या चष्म्याचा शॉट नंतर घेता आला नाही?

टेक_सतरा:
गेलो होतो ना, तीन आठवड्यांनी, सगळं सामान घेऊन. बापाने मिशी काढली होती.