दाढीच्या क्रीमला गुलाबाचा वास: घ्यावी का, आणि कुठली?

अर्धी_दाढी
मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल, पण विचारतोच.

पंधरा वर्षं डब्यातला तयार फेस फासत आलो. हल्लीच ब्रश आणि वाटीवर आलोय. मित्राने त्याच्याकडची गुलाबाची क्रीम थोडी डबीत काढून दिली. लावली, आणि पहिल्यांदाच दाढी लवकर संपू नये असं वाटलं. बाहेर आलो तर बायको म्हणाली, "माझं काही लावलंस का?" चिडवत नव्हती, सहज विचारलं. मी मात्र "नाही, साबणाचा येत असेल" म्हणून वेळ मारून नेली. का खोटं बोललो ते मलाच कळलं नाही.

तर दोन गोष्टी सांगा. गुलाब, लव्हेंडर, व्हायोलेट असल्या फुलांच्या वासात चांगलं काय मिळतं? आणि सकाळी आठला दाढी केली तर अकराच्या मीटिंगमध्ये शेजारच्याला वास येतो का? त्वचा नाजूक आहे, मानेवर पुरळ उठतं. "चंदन घे आणि गप बस" हा सल्ला नको. चंदन आहे घरात.

वस्तराधारी
दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही येत. क्रीमचा वास पाण्याबरोबर वाहून जातो. तोंड धुतल्यावर थोडा वेळ राहिला तर राहिला, तोही कुणी गालाला नाक लावलं तरच. मागे रेंगाळतो तो आफ्टरशेव्हचा. म्हणून क्रीम मनाजोगती फुलांची घ्या आणि आफ्टरशेव्ह बिनवासाचं.

गुलाबात टेलर ऑफ ओल्ड बॉण्ड स्ट्रीटची रोझ. फेस पटकन चढतो, नवशिक्यालाही जमते. बदामाएवढी पुरे, जास्त घेतलीत तर वाटीतून ओतून द्यावी लागेल. लव्हेंडरमध्ये डी. आर. हॅरिस. पण माझं मत विचाराल तर ट्रम्परची व्हायोलेट. एकच सांगून ठेवतो, व्हायोलेटचा वास मध्येच गायब होतो आणि परत येतो. क्रीम बिघडलेली नसते. त्यातली आयोनोन नावाची द्रव्यं आपल्या नाकालाच थोडा वेळ थकवतात. काहींना तर जनुकांमुळे बीटा-आयोनोनचा वास नीट येतच नाही, फुलाऐवजी आंबूस काहीतरी येतं. तेव्हा आधी नमुना मिळाला तर बघा.

पिनोची लायलॅक व्हेजिटल ही आफ्टरशेव्हची बाटली कुणीतरी सुचवेलच. एवढ्यात नको. बाटली उघडल्यावर पहिली दोन मिनिटं पळून जावंसं वाटतं, फूल त्यानंतर येतं.

तुरटीवाला
दाढी करावी, तुरटी फिरवावी, कामाला लागावं. फुलं बागेत बरी. पुरुषाला पुरुषासारखा वास यावा, एवढं साधं आहे.

गंधवेडा
तुरटीवाले, तुरटीनंतर काहीच लावत नाही का तुम्ही?

तुरटीवाला
ओल्ड स्पाइस. वडीलही तेच लावायचे.

गंधवेडा
वाटलंच होतं. मग ऐका.

शुल्टन कंपनीने १९३७ साली हे नाव पहिल्यांदा बाजारात आणलं ते बायकांसाठी. पुरुषांचं ओल्ड स्पाइस आलं १९३८ मध्ये. आणि त्यातला जो तिखट, मसालेदार भाग तुम्हाला मर्दानी वाटतो, त्यात कार्नेशनचं फूल आहे. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच कार्नेशनच्या वासातही असतं. नाकाने लवंग म्हटलं की तो मसाला, कार्नेशन म्हटलं की तो गुच्छ. बाटली तीच.

आता "सलूनमधून आल्यासारखा वास" म्हणतो आपण, तो घ्या. त्याचं मूळ १८८२ सालच्या एका अत्तरात आहे. हूबिगां या घराण्यासाठी पॉल पार्के याने केलेलं "फुजेर रोयाल". फुजेर म्हणजे नेचा. गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो. मग पार्केने घातलं काय? लव्हेंडर, ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं लायकेन, आणि कुमारिन, ज्याला वाळक्या गवताचा गोडसर वास येतो. कुमारिन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं होतं १८६८ पासून. ही मोळी एवढी चालली की पुढे दाढीचे साबण, क्रीम, लोशनं सगळी याच वाटेने गेली. बिनवासाच्या झाडाचं नाव लावलं म्हणून आतलं लव्हेंडर कुणाला खटकलं नाही. तेही फूलच की.

फुजेर पद्धतीच्या या वासांत बहुतेक वेळा जिरेनियमही असतं. त्याचं तेल पानांचं काढतात, त्यामुळे डबीवर फुलाचं चित्र काढायची गरज पडत नाही. पण त्यातली जिरेनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही दोन्ही गुलाबाच्या तेलातलीच मुख्य द्रव्यं. "क्लासिक बार्बरशॉप" लिहिलेल्या डबीत गुलाब असा मागच्या दाराने शिरतो.

आणि "कोलोन" म्हणतो तेव्हा काय म्हणतो आपण? फारिनाने १७०९ मध्ये कोलोन शहरात सुरू केलेल्या प्रकाराचं नाव घेतो. त्यात नेरोली असतं, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल. १९६६ च्या दिओरच्या "ओ सोव्हाज"मध्ये हेडिओन नावाचं द्रव्य आलं, त्याचा वास जाईच्या जवळचा, आणि ते पुरुषांचंच अत्तर. थांबतो आता, नाहीतर रात्र व्हायची.

काटेकोरांटी
बाई आहे, तरी दोन शब्द बोलते, कारण नवऱ्याची लव्हेंडरची क्रीम मी पायांना वापरते. "खास स्त्रियांसाठी" लिहिलेल्या ट्यूबपेक्षा फेस दाट येतो आणि ब्लेड कमी अडतं. वासाबद्दल तक्रार नाही, मला जरा कोरडाच वाटतो. यांच्या काळ्या डब्यांवर मात्र पोलाद, वादळ, गडद जंगल असलं काहीबाही लिहिलेलं असतं. पोलादाला कसला वास येतो कुणी सांगेल का?

अर्धी_दाढी
काटेकोरांटी, पोलादाचं माहीत नाही, पण माझ्याकडच्या एका डब्यावर "वादळ" खरंच आहे. आत्ता उघडून बघितला. लव्हेंडर.

तुरटीवाला
गंधवेडा, माहिती चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही मला रसायनशास्त्र शिकवताय आणि मी वडिलांबद्दल बोलतोय. लहानपणी ते उचलून घ्यायचे तेव्हा गालाचा जो वास यायचा, तो माझ्यासाठी पुरुषाचा वास. त्यात कार्नेशन निघालं काय नि मोगरा निघाला काय, तो त्यांचाच राहणार. गुलाबाचा वास आला की मला आजीची पावडरची डबी आठवते. हे डोक्यात बसलंय. तुमच्या सनावळीने ते उठत नाही.

गंधवेडा
हे मात्र मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी एवढंच, बागेत बरी वाटणारी फुलं तुमच्याच गालावर निघाली.

नाजूकसाजूक
वासाच्या वादात बिचाऱ्याची मान विसरलात सगळे.

अर्धी_दाढी, पुरळ वासामुळे आहे की ब्लेडमुळे, हे आधी बघा. मानेवरचे केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोट फिरवून पाहा, आणि आठवडाभर उलटा हात मारू नका. तेवढ्याने बरं वाटलं तर गुलाबाची काही चूक नाही.

नाही वाटलं तर लेबल वाचा. लिनालूल, जिरेनिऑल, सिट्रोनेलॉल ही नावं ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर युरोपात वेगळी छापावी लागतात, कारण काहींना त्यांची ॲलर्जी होते. लव्हेंडरमधलं लिनालूल तर हवा लागून जुनं झालं की जास्त त्रास देतं, त्यामुळे वर्षानुवर्षं अर्धी पडून राहिलेली बाटली फेकून द्या. आणि स्वस्तात जुना साठा मिळत असेल तर लेबलवर "ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल" आहे का बघा. फुलांच्या वासासाठी ते सर्रास घालायचे, लिलिअल म्हणून ओळखलं जायचं. प्रजननक्षमतेला घातक ठरवल्यामुळे १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात त्यावर बंदी आहे.

"नैसर्गिक गुलाब" शब्दाला भुलू नका. एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, दाढीच्या क्रीममध्ये ते कोण ओतणार? आणि ओतलं तरी त्यातही जिरेनिऑल असतंच. नवीन काहीही आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडं लावून बघा, मग तोंडाला.

अर्धी_दाढी
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

उलटा हात बंद केला, मान बरीच शांत आहे. म्हणजे पुरळ माझ्याच घाईचं होतं. कोपराची चाचणी करून व्हायोलेट आणली आणि बायकोला त्या दिवसाचं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मग मला का नाही दिलीस?" डबी हुंगायला दिली. तर तिला फूलबिल काही नाही, म्हणे जरा आंबूस येतंय. मला मात्र मोरीभर दरवळ! वस्तराधारी, तुम्ही म्हणालात तेच निघालं. आता गुलाब तिच्या फडताळात आणि व्हायोलेट माझ्या.

वस्तराधारी
झकास. व्हायोलेटला पाणी जरा जास्त घाला, फेस अजून मऊ होईल.

तुरटीवाला
उरली तर डबीत थोडी काढून ठेवा. लावणार नाही. नुसता वास घेऊन बघतो.