ग्रामसभेच्या जंगलात वनखात्याला आता कशाला विचारायचं?

रानवाटा : मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि त्यातली वनोपज विकायचा गावाचा हक्क, मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासांसाठी गावाला वनखात्याशी झगडावं लागलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे हे पास लिहायचं पासबुक ग्रामसभेच्या हाती पडलं. वनहक्क कायदा २००६ चा! हक्क दिलाय, तर खात्याने बाजूला व्हावं.

धानोराकर : मेंढ्याचं कौतुक मलाही आहे. पण तिथे गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षं खपून अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीची सवय लावली. बाकी गावांत हक्काचा कागद आला, ठेकेदार मात्र तोच राहिला. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, करार त्याचाच माणूस लिहून आणतो, अध्यक्ष सही करतो. पेरणी तोंडावर येते, बियाणं घ्यायचं असतं आणि मजुरीसुद्धा हातात पडलेली नसते. वर चांगली पत्ती यावी म्हणून खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं बुंध्याशी छाटणं, आणि वणवे. याला पर्यावरण राखणं म्हणायचं?

रानवाटा : म्हणून तर पाचगाव बघा, चंद्रपूर जिल्ह्यातलं. झाडांची छाटणी आणि आगी नकोत म्हणून तिथल्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातात येणारा पैसा सोडायचा निर्णय गावाने घेतला. खात्याने कधी असा महसूल सोडला?

माहेर_कुरखेडा : नियमाप्रमाणे ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आमच्याकडे सभा बसते संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळी. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर फिरतं, बाया अंगठे देतात. सरपण, मोहफुलं, भाज्या आणायला जंगलात रोज जातो आम्ही, आणि कुठला पट्टा राखायचा ते ठरवतात पुरुष. खातं नको हे मान्यच. पण सभेची वेळ आधी बदला.

धानोराकर : ताई, अगदी बरोबर. जंगल खात्याकडे परत द्या असं मीही म्हणत नाही. दरवर्षी बाहेरून हिशेब तपासा, एवढंच.

रानवाटा : तपासा ना. फक्त तपासणाऱ्याला माल अडवायचा अधिकार नको. तो मिळाला की पासबुकाचं झालं तेच पुन्हा होणार.

धानोराकर : आणि ठेकेदाराने बुडवलेले पैसे? ते वसूल करायला ग्रामसभेने कोणाच्या दारात उभं राहायचं?